खिळ्याला अडकवलेली लाल दोरी

मी एक दोरी आहे. लाल रंगाची, बोटाएवढी जाड, एका मोठ्या धुलाईघरात बायकांच्या डोक्यावरून आडवी गेलेली. कपडे वाळत घालायला मी नाही, हे आधीच सांगते, कारण नवा माणूस आला की हटकून तेच विचारतो. मला ओढलं की यंत्र थांबतं. आयुष्यभराचं माझं काम एवढंच. ते मला करू दिलं नाही म्हणून एका बाईचा उजवा हात गेला. ती गोष्ट मला सांगायची आहे, आणि ती गोड करून सांगणं मला जमणार नाही.

दोऱ्या वळण्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या बरोबरीच्या काहीजणी बोटींवर गेल्या, काहीजणी गाठोडी बांधायला. मला लाल रंगाच्या हौदात बुडवून काढलं, तेव्हा रंगाऱ्यानं शेजारच्याला सांगितलं, "ही लाल आहे ना, ही जीव वाचवायला जाते." हे ऐकून मी अशी काही फुशारले की वाळायला दोन दिवस जास्त लागले असतील. लहानपणी सगळ्यांनाच असं काहीबाही सांगतात.

ज्या धुलाईघरात मी आले तिथं इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे अंगरखे धुतात. एका टोकाला मळक्या कपड्यांचे ढीग, पुढे धुणारी यंत्रं, मग पिळणारी, आणि सगळ्यात शेवटी गरम रूळ. हा रूळ आडवा, खोलीच्या रुंदीचा, आतून वाफेनं तापलेला. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, झटकायची आणि फिरत्या पट्ट्यावर सरळ पसरायची. पट्टा ती रुळाखाली नेतो आणि पलीकडून कडक इस्त्री होऊन चादर बाहेर येते. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की संध्याकाळी खांदे बोलायला लागतात.

रुळाच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टी असते. बोटं फार आत गेली की ती ढकलली जाते आणि रूळ आपोआप थांबतो. ती पट्टी बिघडली तर मग मी. मला ओढलं की रूळ थांबणार, घंटा वाजणार, आणि व्यवस्थापकाच्या काचेच्या खोलीवर दिवा लागणार. यात एक गोम होती. थांबलेला रूळ पुन्हा सुरू करायची चावी फक्त व्यवस्थापकाच्या खिशात. म्हणजे मला जी ओढेल तिला व्यवस्थापकाच्या तोंडासमोर उभं राहून, का ओढलं ते सांगावं लागणार. आणि तोवर रुळाखाली अडकलेली चादर करपत राहणार.

माझ्या खाली समोरासमोर दोघी उभ्या राहायच्या. त्या एकमेकींच्या जावा. थोरली आधीपासून कामाला होती, धाकटीला लग्नानंतर तिनंच इथं आणलं. थोरली बोलकी, हजरजबाबी, चारचौघीत उठून दिसणारी. धाकटी तोंडातून शब्द मोजून काढणारी. पण तिचा हात सुरेख होता. जेवणाच्या सुट्टीत ती फाटक्या अभ्र्यांना असा काही टाका घालायची की फाटलं कुठं होतं ते शोधून सापडू नये. शिवणाचं यंत्र घ्यायचं आणि घरीच कपडे शिवायचे, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. "तुझ्या या हातावर आपलं घर वर येईल बघ," असं थोरली तिला म्हणायची, आणि ते ती थट्टेनं म्हणत नसे.

सुरुवातीला इथं व्यवस्थापक होत्या त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंच्या नाकावर राग. घंटा वाजली की त्या खोलीतून निघायच्या त्याच आवाज चढवून.

"कुणी ओढली गं? कुणाला घरी जायची घाई झालीय?"

"मी ओढली, बाई," थोरली म्हणायची. "चादरीत कात्री होती. इस्पितळातली."

"कात्री? आणि तिकडे कपडे निवडणाऱ्या काय झोपा काढत होत्या?" असं म्हणत बाई तिकडे वळायच्या, तिथं दोन मिनिटं आगपाखड करायच्या, आणि परत येऊन चावी फिरवताना म्हणायच्या, "बरं केलंस. पट्टा फाटला असता." संपलं. अर्ध्या तासानं त्या त्याच थोरलीच्या डब्यातलं खात बसलेल्या असायच्या.

बाई काही देवी नव्हत्या. त्यांच्या तोंडाला कंटाळून एकजण काम सोडून गेली, तेही मी पाहिलंय. एकदा त्यांनी थोरलीला सगळ्यांदेखत आंधळी म्हटलं. चूक थोरलीची नव्हती. दुपारी बाई आल्या, आणि जितक्या मोठ्यानं सकाळी ओरडल्या होत्या तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या, "मघाशी मी हिला आंधळी म्हणाले. आंधळी मी होते. चल गं, चहा घे." थोरली दिवसभर फुगली होती, ती हसली. बायकांना एवढं पुरे होतं. बाईंचा राग किती खोल आहे, कधी येतो आणि कधी उतरतो, हे सगळ्यांना पाठ होतं. म्हणून मला ओढताना हात कचरत नसत. कधी उगाचही ओढत. मी त्या काळात झिजले, माझा रंग विटला, आणि तेच माझे सुखाचे दिवस.

मग बाईंचे गुडघे गेले, त्या घरी बसल्या, आणि त्यांच्या जागी साहेब आले.

साहेबांबद्दल वाईट बोलायला मला जागाच नाही, हेच तर दुखणं आहे. स्वच्छ सदरा, हळू आवाज, सफाईवालीलासुद्धा 'अहो' म्हणणार. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "मी कुणावर आवाज चढवणार नाही. काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा." बायका खूश. थोरली म्हणालीसुद्धा, "चला, आता कानांना विश्रांती."

साहेब आल्यावर पहिल्यांदा मला ओढलं ते थोरलीनंच. एका अंगरख्याची नाडी पट्ट्यात गुंतत चालली होती. साहेब आले. ओठांवर हसू.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "छान. लक्ष दिलंत."

पण त्यांचे कान लालबुंद झाले होते. चावी भोकात नीट बसेना. करपलेला अंगरखा त्यांनी दोन बोटांनी उचलून पाहिला, हसत हसतच खाली ठेवला, आणि खोलीत जाऊन डोकं दोन्ही हातांत धरून बसले. खोली काचेची. सगळ्यांना दिसलं. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच राहिला. पुढचे काही दिवस ते थोरलीला रोज नमस्कार करत, हसत, पण नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे. तिनं रजा मागितली तर म्हणाले, "बघू या हं." रजा मिळाली, तीही हसून. तरी तिला कळेना की हा माणूस आपल्यावर रागावलाय, की दुखावलाय, की आपणच राईचा पर्वत करतोय.

"ओरडले असते तर बरं झालं असतं," ती धाकटीला म्हणाली. "निदान संपलं असतं."

मला वरून दिसायचं ते त्यांना दिसत नव्हतं. साहेबांना धुलाईघराच्या मालकाचा दूरध्वनी यायचा. मालक पलीकडून इतक्या जोरात बोलत की साहेब तो कानापासून लांब धरायचे. आणि तेव्हाही हसायचे, काचेपलीकडे कुणी नसलं तरी. एकदा जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं होतं. साहेब बाहेर आले, इकडंतिकडं पाहिलं, आणि चादरींच्या टोपलीला अशी लाथ मारली की ती रुळापर्यंत घसरत गेली. मग खाली बसले, सांडलेली एकेक चादर उचलून घडी घातली आणि टोपली जागच्या जागी ठेवली. बायका परतल्या तेव्हा साहेब दारात हसत उभे. मला वाटलं, अरे बाबा, तीच लाथ यांच्यासमोर मारली असतीस तर! राग आहे, तो कशाचा आहे, आणि आता तो निवळलाय, एवढं तरी या बायकांना कळलं असतं. पण त्या माणसानं ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं होतं, आणि याला तो चांगुलपणा समजत होता.

बायका मग त्यांचा चेहरा वाचायला लागल्या. काय करणार, हातावर पोट. सकाळी चहा घेऊन जाणारी बाई बाहेर आली की तिच्याभोवती घोळका.

"कसं आहे आज?"

"ओठ हसतायत. कपाळ नाही."

"मग आज कुणी काही बोलू नका."

चादरींकडे जेवढं लक्ष द्यायचं त्याहून जास्त त्या कपाळाकडे जाऊ लागलं. चहावाली भाव खाऊ लागली. कुणी म्हणे साहेब मनात डूख धरतात, कुणी म्हणे छे, फार हळवे आहेत, मनाला लावून घेतात. यातलं खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं, पण दोन्हीचा उपाय एकच निघाला. अळीमिळी गुपचिळी.

त्यातच घडी घालणाऱ्या एकीची बाही माझ्यात अडकली आणि मी उगाचच ओढली गेले. घंटा, दिवा, साहेब. "काही हरकत नाही," ते म्हणाले आणि चावी फिरवली. खोलीत गेल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. घाम असेल, धूळ असेल, मला काय ठाऊक. बायकांनी मात्र एकमेकींकडे पाहिलं.

"रडले गं," कुणीतरी कुजबुजलं.

आणि तेव्हा थोरलीनं ते केलं. ती काही दुष्ट बाई नव्हती. तिला त्या माणसाची दया आली आणि भीतीही वाटली, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस जे करतं तेच तिनं केलं. टेबलावर चढली, मला मधोमध धरून वर उचललं, आणि खांबातल्या एका उंच खिळ्याला अडकवून टाकलं.

"बिचाऱ्याला उगाच त्रास नको," ती खाली उतरत म्हणाली. "आपण आपलं सांभाळून घेऊ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तिथं लटकवायचा हुकूम साहेबांनी दिला नव्हता, मालकानं दिला नव्हता. माझ्याच माणसांनी, मायेनं, मला माझ्या कामावरून काढलं. साहेब रोज माझ्याखालून जात. त्यांनी वर कधी पाहिलं नाही. घंटा वाजत नाही म्हणजे सगळं सुरळीत चाललंय, असं त्यांना वाटत असावं. महिनाअखेरीस मालकानं त्यांची पाठ थोपटली आणि ते पहिल्यांदाच मनापासून हसले.

मग सांभाळून घेणं सुरू झालं. चादर अडकली की चालत्या रुळातून काठीनं ओढायची. नाडी गुंतली की चिमट्यानं सोडवायची. नवी बाई कामावर आली की थोरली तिला शिकवायची, "चादर अशी धरायची, बोटं अशी मागं ठेवायची, आणि त्या दोरीला हात लावायचा नाही. साहेबांच्या मनाला लागतं." मी वरून ऐकायचे. संताप यायचा, पण दोरीच्या संतापाला कोण विचारतो?

आणि मग ती लोखंडी पट्टी अडकायला लागली. ढकलली तरी हलेना. हे आधी धाकटीच्या लक्षात आलं.

"जाऊबाई, पट्टी दबत नाहीये. सांगायला हवं."

थोरलीनं काचेकडे पाहिलं. साहेब दूरध्वनीवर होते, हसत होते, दुसऱ्या हातानं कपाळ चोळत होते.

"आज नको गं. आज मालकांनी झापलंय त्यांना. उद्या सांगू."

दुसऱ्या दिवशी कपाळ बरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांशी जरा जास्तच गोड बोलले, आणि तसं बोलले की बायकांना जास्तच धडकी भरायची. पट्टीत तेल घालून पाहिलं. उपयोग झाला नाही. धाकटीनं पुन्हा एकदा विषय काढला, म्हणाली, "मी जाऊन सांगू का?"

"तू?" थोरली हसली. "तुझा आवाज तुला तरी ऐकू येतो का? मी सांगते म्हटलं ना. चांगला मूड बघून सांगते."

चांगला मूड आला नाही. आला असता तरी कुणाला ओळखू आला नसता.

त्या दिवशी अंगरखे चालले होते. एकाची ओली नाडी धाकटीच्या मनगटाभोवती पडली आणि अंगरखा पुढं सरकला तशी आवळली. तिनं हात मागं खेचला. नाडी तुटली नाही. पट्टीवर तिची बोटं आपटली, पट्टी जागची हलली नाही, आणि बोटं रुळाखाली गेली.

ती ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

थोरलीचा हात क्षणात वर गेला, डोक्याच्या उंचीवर, जिथं मी इतकी वर्षं असायचे. तिथं काही नव्हतं. तिनं दोनदा मूठ आवळली, रिकामीच. मग तिला आठवलं. ती टेबलावर चढायला गेली, पाय घसरला, पुन्हा चढली, आणि खिळ्यावरून मला सोडवून अंगाचं सगळं बळ लावून ओढलं. मी थांबवलं. मला जेवढं लवकर थांबवता येत होतं तेवढं लवकर थांबवलं. पण तो रूळ तापलेला असतो, आणि थांबला तरी तापलेलाच राहतो. चावी घेऊन साहेब धावत येईपर्यंत, रूळ उलटा फिरेपर्यंत, त्या हाताचं जे व्हायचं ते झालं.

मनगटापासून पुढचा हात काढावा लागला. शिवणाच्या यंत्रासाठी धाकटीनं मनात जी जागा ठरवली होती, खिडकीजवळची, तिथं आता काय ठेवलंय मला माहीत नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी सगळ्यांना जमवलं. हसू नव्हतं. माणूस खरंच कोलमडला होता, हे मी खोटं सांगणार नाही.

"पट्टी बिघडलीय हे तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले. "मग मला का नाही सांगितलंत? मी कधी कुणाला एक वाकडा शब्द तरी बोललो का?"

"नाही, साहेब," कुणीतरी म्हणालं.

"कधी ओरडलो?"

"नाही, साहेब."

"मग?"

मी थोरलीकडे पाहत होते. हीच ती, बाईंना तोंडावर सुनावणारी. बोल, मी मनात म्हणत होते, आता तरी बोल. तिनं साहेबांच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि मान खाली घातली.

"आमचीच चूक झाली, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. सभा संपली. पट्टी नवी बसली. खिळा उपटला. मला पुन्हा डोक्याच्या उंचीवर आणलं आणि खांबावर पाटी लावली की धोका दिसताच दोरी ओढा. धाकटीच्या जागी नवी बाई उभी राहिली. थोरलीनं कपडे निवडायच्या कामावर बदली मागून घेतली. तिला ती हसून मिळाली.

धाकटी एकदाच परत आली, राहिलेलं सामान न्यायला. उजवी बाही दुमडून टाचणीनं टाचलेली होती. बायका भोवती जमल्या, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी रडलं. थोरली लांब ढिगाशी उभी राहिली. धाकटीनं सगळ्यांना बरं आहे, बरं आहे असं सांगितलं, सामानाची पिशवी खाली ठेवली, माझ्याखाली येऊन उभी राहिली, आणि डाव्या हातानं मला ओढलं.

घंटा वाजली. रूळ थांबला. साहेब खोलीतून धावत आले, पांढरेफटक पडले होते. कुठं काय झालंय ते डोळ्यांनी शोधू लागले.

"कुणाला काही झालं नाही, साहेब," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चांगला खणखणीत होता. "मी मुद्दाम ओढली. आत एक चादर करपत असेल. रागवा."

साहेबांचा हात खिशातल्या चावीकडे गेला.

"रागवा ना. मी तुमची चादर जाळली. काय वाटतंय तुम्हाला ते एकदा बोला, या सगळ्यांसमोर. हे पाहायला मिळावं म्हणून आले मी."

साहेबांचे कान लाल होत गेले. गळ्याची शीर उडत होती. तोंड उघडलंसुद्धा. दालनातली प्रत्येक बाई हातातलं काम टाकून त्या तोंडाकडे पाहत होती, आणि मी अजून तिच्या मुठीत होते.

मग साहेबांच्या ओठांची टोकं वर गेली.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. खिशातून चावी काढली आणि फिरवली.

रूळ सुरू झाला. धाकटीनं मला सोडलं, पिशवी उचलली आणि गेली. पट्ट्यावरून करपलेली चादर बाहेर आली. नव्या बाईनं ती बाजूला टाकली.

आता मी इथं आहे, हात पोचेल अशा उंचीवर. लोक तपासायला येतात, मला एकदा ओढून पाहतात, समाधानानं जातात. एरवी कुणी शिवत नाही. परवा नव्या बाईचा हात माझ्याकडे आला होता. मध्येच थांबला. तिनं काचेकडे पाहिलं आणि काठी उचलली.

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर एवढं ऐका. तुम्हाला राग येणार, वाईट वाटणार, भीती वाटणार. ते गिळून हसून दाखवू नका. काय वाटतंय ते सांगा, आणि निवळलं की तेही सांगा. नसेल जमत तर उपकार करा आणि मला कापून टाका. मी लटकलेली दिसते म्हणून बायका भरवशानं रुळाशी उभ्या राहतात. दोरीच नसेल तर त्या निदान हात जपतील.